दुसरी एबीसीडी

माझं आणि दत्तादादाचं कधीच पटलं नाही. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, भावाबहिणीत चालायचंच म्हणतात, आणि मग मी विषय बदलते. आमचं चालायचंच असं काही नव्हतं. मी घरात जन्माला आले हेच त्याला खपलं नव्हतं, आणि मी मोठी होत गेले तसं मलाही तो खपेनासा झाला. लहानपणी तो माझी पाटी फोडायचा, मी त्याच्या चपला विहिरीत टाकायची. मोठेपणी पाटी आणि चपला राहिल्या नाहीत, बाकी सगळं तसंच राहिलं. ज्या दोन वर्षांबद्दल मी इथं लिहिते आहे, त्या काळात आम्ही एका पत्र्याखाली झोपत होतो, एका तव्यावरची भाकरी खात होतो आणि एकाच कारखान्यात, एकाच खोलीत काम करत होतो. इतकं जवळ राहून इतका राग धरता येतो, हे मला पुस्तकातून कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

बारामतीत भिगवण रस्त्याच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या, भाड्याच्या. आबा एस.टी.त ड्रायव्हर. बारामती डेपोला त्यांची ड्यूटी, बहुतेक वेळा इंदापूरची गाडी. घराचं घड्याळ म्हणजे त्यांची ड्यूटी. पहिली गाडी असली की आई अंधारात उठायची, तांब्यात निखारे घालून त्यांच्या खाकी शर्टावर फिरवायची आणि त्या गरम कापडाचा वास आमच्या झोपेत यायचा. आमचं गाव निरवांगी. आजोबांच्या काळात घरात मेंढरं होती, आबांनी ती विकली आणि लायसन काढलं. पण पुढं सगळी नोकरी संपेपर्यंत ते गादीवर झोपले नाहीत. घोंगडं अंथरायचे, आणि त्या घोंगड्यावर दुसरं कुणी बसलेलं त्यांना चालायचं नाही. ते फार बोलत नसत. दिवसभर इंजिनाच्या शेजारी बसलेल्या माणसाला घरात शांतता लागते, असं आई म्हणायची. त्यांची ती शांतता आम्हाला फार जड जायची. ते चिडले आहेत की दमले आहेत हे ताट पुढं ठेवेपर्यंत कळत नसे.

आई दत्ताची होती. यात काही गुपित नव्हतं, ती लपवतही नव्हती. सकाळी हुलग्याचं माडगं सगळ्यांना, पण अंडं त्याला. दुधावरची साय त्याला. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्याला भाईर चार लोकांत जायाचं असतंय. तुला कुठं जायाचंय?" मी म्हटलं, मलाही जायचंय. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "जाशील की. सासरी." आणि भाकरी तव्यावर टाकली. माझ्या मामाचा एक मुलगा होता, गुऱ्हाळावर काम करायचा, दिवसा पिऊन असायचा. मी त्याची, हे माझं नाव ठेवलं त्या दिवशीच ठरल्यासारखं होतं. नोकरीबिकरी म्हणजे तोपर्यंतचा वेळ काढणं.

कॉम्प्युटर आमच्या घरात आधी दत्ता घेऊन आला, म्हणजे शब्द घेऊन आला. पुण्यात कोर्स करून तो परतला आणि आबांच्या ओळखीनं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागला. साखर कारखान्यांना लागणारे पंप आणि गिअरबॉक्स तिथं व्हायचे. त्याला कॉम्प्युटरच्या खोलीचा सुपरवायझर केलं, अजून कायम नव्हता. मी बारावी होऊन घरी होते. मला बारामतीतल्या क्लासला जायचं होतं. दत्ता म्हणाला, पैसे वाया घालवू नका, तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी जेवण सोडलं. आबांनी काही दिवस ते पाहिलं, आणि एका सकाळी क्लासची फी माझ्यासमोर भुईवर ठेवून ड्यूटीवर गेले. ते प्रेम होतं असं मी समजत नाही. घरात उपाशी माणूस बसलेलं त्यांना नको होतं.

क्लास कापडाच्या दुकानावर होता. तिथले सर विचित्र होते. सगळ्यांना ते टायपिंग आणि हिशेबाचं शिकवायचे, पण कोपऱ्यात त्यांनी एक युनिक्सचं जुनं मशीन ठेवलं होतं, त्याच्यावर त्यांचा जीव होता. तिथं चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळ्या पडद्यावर एक डॉलरची खूण, आणि तिच्यापुढं तुम्ही लिहाल ते. इतर मुलं कंटाळून निघून जायची, मी बसून राहायची. एक आज्ञा द्यायची आणि हजार ओळींत एकदम बदल व्हायचा. ज्या घरात मी पाण्याचा पेला जरा सरकवला तरी कुणीतरी तो परत होता तिथं ठेवायचं, त्या घरातल्या मुलीला याचं काय वाटलं असेल ते मी वेगळं सांगत नाही.

वर्षभरानं त्याच कारखान्यात डाटा एंट्रीच्या मुली हव्या होत्या, म्हणून मी अर्ज केला. दत्ताला न सांगता. मुलाखत घेतली भागवत साहेबांनी. स्टोअर आणि कॉम्प्युटर दोन्ही त्यांच्याकडं होतं. पुण्याचे, उंच, सतत रुमालानं चष्मा पुसणारे. त्यांनी मला टेंपररी घेतलं. दत्ताला कळलं ते मी खोलीच्या दारात चप्पल काढताना. त्या दिवसापासून त्यानं मला त्या खोलीत शालन किंवा शाली म्हणून हाक मारली नाही. "ए ऑपरेटर" म्हणायचा. बाकीच्या मुलींना रेखा, सुनंदा; मला ऑपरेटर. मी पण त्याला सर म्हणायला लागले, आणि अशा आवाजात म्हणायची की त्याच्या मानेची शीर उठायची.

खोली काचेची होती, आत एसी. बाहेर लेथचा आवाज, आत प्रिंटरचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. आम्हा मुलींना पडद्यावर फक्त एक मेनू दिसायचा: माल भरा, माल शोधा, बाहेर पडा. डॉलरची खूण फक्त दत्ताच्या टर्मिनलवर. आम्ही स्टोअरमधल्या सुट्या भागांची नावं भरत होतो, इंग्रजीत. आणि तिथंच घोळ होता.

आमच्या शाळेत इंग्रजी अक्षरांना पहिली एबीसीडी आणि दुसरी एबीसीडी म्हणायचे. पहिली म्हणजे मोठी अक्षरं, दुसरी म्हणजे लहान. माणसाला बेअरिंग पहिल्या एबीसीडीत लिहिलं काय नि दुसरीत लिहिलं काय, बेअरिंगच वाचता येतं. मशीनला ती दोन वेगळी नावं. रेखा सगळं मोठ्या अक्षरांत भरायची, सुनंदा सगळं लहान, मी पहिलं अक्षर मोठं आणि बाकी लहान. मशीननं यादी लावली की मोठ्या अक्षरांचा माल वर, लहान अक्षरांचा पार तळाला, मधे अख्खा कागदाचा ढीग. स्टोअरवाला वरची पानं बघून सांगायचा, माल नाही. मग नवा माल यायचा, आणि जुना रॅकवर गंजत पडलेला सापडायचा. भागवत साहेब एकदा दोन सारखी बेअरिंगं हातात घेऊन खोलीत आले, दत्ताच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे दोन वेगळे भाग आहेत का?" दत्ता म्हणाला, नाही. "तुझ्या कॉम्प्युटरला सांग ते."

ठरलं असं, की सगळा माल पहिल्या एबीसीडीत आणायचा. परत टाईप करायचं तर वर्ष गेलं असतं. पण युनिक्समध्ये टीआर नावाची एक बारकी आज्ञा असते. तिला सांगायचं, लहान ए ते झेड दिसलं की मोठं ए ते झेड कर. डाव्या बाणापुढं जुन्या फाइलचं नाव, तिथून ती वाचते. उजव्या बाणापुढं नव्या फाइलचं, तिथं ती लिहिते. दोन्ही बाणांपुढं एकच नाव लिहायचं नाही, हे क्लासच्या सरांनी मला अगदी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कारण मशीन वाचायला बसण्याआधी लिहायची जागा पुसून घेतं, आणि मग वाचायला काही उरत नाही. साहेब बोलत होते तेव्हा मी मागून म्हणाले की हे मला येतं. दत्तानं मान न वळवता सांगितलं, "ऑपरेटरनी आपलं काम करावं." साहेबांनी चष्मा पुसला. "एक लहान फाइल देऊन बघ तिला."

त्यानं दिली, देताना खुर्ची मुद्दाम अशी ठेवली की मला वाकून उभं राहावं लागेल. मी उभ्यानं केलं. आधी फाइलची दुसरी प्रत काढली, मग टीआर चालवून नवी फाइल केली, तीत शब्दांमधल्या दुप्पट-तिप्पट मोकळ्या जागा एक केल्या, मग यादी लावून एकसारख्या ओळी एकत्र आणल्या. एकाच भागाच्या तीन-तीन ओळी होत्या, त्यांची एकेक राहिली. साहेबांनी कागद वरून खाली वाचला आणि "छान" म्हणाले. एवढंच. पण ते सगळ्यांसमोर म्हणाले.

त्या संध्याकाळी दत्तानं घरी आबांना सांगितलं की शाली हापिसात साहेबाला खेटून उभी असते. मी पाणी भरत होते, मला ऐकू आलं. मी कळशी तिथंच सोडून आत गेले आणि म्हटलं, "मला बसायला खुर्ची कुणी दिली न्हाय ते पण सांग." आबांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि मला म्हणाले, "उद्यापास्नं दुपारचं जेवायला घरी यायचं. हापिसात थांबायचं न्हाय." त्याला काही बोलले नाहीत. मग रोज दुपारी उन्हात मी कारखान्यापासून घरी चालत यायची, उभ्यानं भाकरी खायची आणि परत जायची. आई ती भाकरी सकाळचीच काढून द्यायची.

हल्ली फोनवर काही लिहायला घेतलं की वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं. शेजारची पोरगी म्हणते, मावशी, किती सोय झाली. तिला मी काय सांगणार. माझ्या हाताखाली मशीन स्वतःहून अक्षर बदलतं तेव्हा आजही मला राग येतो, कुणीतरी न विचारता माझ्या खांद्यावरून हात घातल्यासारखा.

त्याच दिवसांत दत्ताचं लग्न जमत होतं. मुलगी वालचंदनगरची, तिचे वडील तिथल्या कंपनीत, राहायला क्वार्टर. आईला त्या क्वार्टरचं भारी कौतुक. नळाला पाणी कसं येतं, दारात मोगरा कसा लावलाय, हे ती शेजारणीला रोज सांगायची. त्या लोकांचं एकच म्हणणं होतं, मुलगा कायम झाला की तारीख धरू. दत्ता शनिवार आला की दुपारीच निघून वालचंदनगरला जायचा. शनिवारी दुपारी मशीनमधला सगळा मजकूर टेपवर उतरवून ठेवायचं त्याचं काम होतं. त्यानं ते सोडून दिलं होतं. मला माहीत होतं. मी त्याला आठवण करून दिली नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. मला डॉलरपुढं हात लावायची मनाई त्यानंच केली होती.

साहेब पुण्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी परतल्यावर त्यांना सगळ्या मालाची नवी यादी टेबलावर हवी होती. दत्ताला ती त्याच्या हातची हवी होती. दुपारी मी घरून परत आले तेव्हा तो टर्मिनलपुढं बाह्या वर करून बसला होता. रेखा माझ्या शेजारी. मी जागेवर बसले, तिथून त्याचा पडदा तिरका दिसायचा. त्यानं टीआर लिहिलं, कंसांत लहान अक्षरं, कंसांत मोठी. डावा बाण, माल, म्हणजे आमची सगळी यादी असलेली फाइल. उजवा बाण, माल. दोन्हीकडं एकच नाव. मी उठले. "दादा, थांब," म्हणाले, त्या खोलीत पहिल्यांदा दादा म्हणाले. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि माझ्याकडं बघतच बटण दाबलं.

डॉलर लगेच परत आला. एवढ्या मोठ्या फाइलला मशीन थोडा वेळ घेतं, ते दत्तालाही ठाऊक होतं. त्यानं फाइलचं माप विचारलं. शून्य. पुन्हा विचारलं. शून्य. मग तो खुर्चीतून उठला आणि काचेबाहेरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शाले, काय केलंस तू हे?"

रेखाचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं बघितलं आणि पुन्हा टाईप करायला लागली. जी फाइल आता नव्हतीच, तिच्यात ती काय भरत होती कुणास ठाऊक.

संध्याकाळी घरी आले तर दत्ता आधीच पोचला होता. आईनं अंड्याचं कालवण केलं होतं, एरवी ते रविवारी व्हायचं. चुलीपाशी तिघं बसले होते आणि मी दारात आल्यावर बोलणं थांबलं. आबांनी अजून खाकी शर्ट काढला नव्हता. "बस," म्हणाले. मी उभीच राहिले.

"दत्त्या म्हणतोय, तुझ्या हातनं घडलं."

"न्हाय घडलं."

"मला ठावं हाय न्हाय घडलं," आबा म्हणाले.

मला वाटलं होतं ते विश्वास ठेवणार नाहीत, त्यासाठी काय काय बोलायचं ते मी रस्त्यानं ठरवत आले होते. ते सगळं एकदम बिनकामाचं झालं. दत्ता ताटाकडं बघत कालवणात भाकरी चुरत होता.

"मला ठावं हाय," आबा पुन्हा म्हणाले. "तरी उद्या तू सायबाला म्हन, माझ्याच हातनं झालं. तू टेंपरवारी हायस. तुला काढतील, दुसरं काय करतील? त्याला काढलं तर वालचंदनगरची मानसं दारात उभी ऱ्हायची न्हाईत."

"आन् मला काढल्यावर?"

आई बोलली. "तुझं काय, तुझ्या मामाचं घर हाय की. ह्याच वरसात उरकून टाकू. दोन्ही कार्यं एकाच मांडवात हुतील."

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की तिला आधीपासून ते ठाऊक होतं हे मला कळलं. मी दत्ताला विचारलं, "तू सांग. तुझ्या तोंडानं सांग मला, शाले माझ्यासाठी एवढं कर." त्यानं हात धुतला. "तुझ्यापुढं तोंड वेंगाडायला मी मोकळा न्हाय," म्हणाला आणि उठून बाहेर गेला. मला आजही वाटतं, त्यानं मागितलं असतं तर मी दिलं नसतंच. पण त्यानं मागायला हवं होतं.

मी जेवले नाही. कुणी जेव म्हणालंही नाही.

सकाळी भागवत साहेब पुण्याहून थेट आले, हातात बॅग तशीच. आम्ही सगळे उभे. दत्तानं सांगितलं, ऑपरेटरच्या हातून चुकीची आज्ञा गेली. साहेबांनी मला विचारलं, "तू केलंस?"

"नाही. दादानं केलं. दोन्ही बाणांपुढं माल लिहिलं. मी थांब म्हणाले होते."

खोलीत मी त्याची कोण आहे हे साहेबांना तोवर माहीत नव्हतं. "दादा?" ते म्हणाले. दत्ता लाल झाला. साहेबांनी रेखाकडं बघितलं. रेखा म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं, सर." मग बराच वेळ साहेब चष्मा पुसत राहिले, आणि माझ्या मनात आलं की हे मला काढणार, माझ्या शब्दाला इथं पुरावा काहीच नाही. पण त्यांनी शेवटी दत्तालाच विचारलं, "जाऊ दे कुणी केलं. शनिवारची टेप दे, परत चढवू." दत्तानं टेपच्या कपाटाकडं बघितलं. "मागच्या शनिवारची?" त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. "शेवटची टेप कधीची आहे, दत्ता?"

त्यानं सांगितलं. साहेब खुर्चीत बसले. नंतर ते जे बोलले ते हळू आवाजात आणि इंग्रजीत, आणि ते सगळं मला समजलं.

त्यांनी दत्ताला नोकरीवरून काढलं नाही. गेटजवळच्या डिस्पॅचच्या गोडाऊनला टाकलं, कायम करायचं पुढं ढकललं. मुलीचे वडील एकदा घरी आले, चहा प्यायले, आबांच्या ड्यूटीची चौकशी केली, पाऊसपाण्याचं बोलले आणि गेले ते परत आले नाहीत. त्यानंतर आमच्या घरात माझ्याशी बोलणं बंद झालं. ते ठरवून केलेलं नव्हतं, नुसतं थांबलं. आई माझं ताट वाढून उंबऱ्यापाशी ठेवायची आणि वळून जायची. दत्ता मी खोलीत आले की उठायचा. आबा पहिल्यापासून कमीच बोलत, त्यामुळं त्यांचं थांबलेलं मला उशिरा लक्षात आलं.

कारखान्यात आम्ही तिघी गेलेला माल परत भरत होतो. या खेपेला पहिल्या एबीसीडीत, सगळ्यांनी एकसारखा. मला डॉलरची खूण मिळाली होती, कारण ते करायला दुसरं कुणी नव्हतं. मी जुनी टेप चढवली, त्यातलं सगळं मोठ्या अक्षरांत आणलं, नवं भरलेलं त्याला जोडलं, दुहेरी ओळी काढून टाकल्या, आणि दर शनिवारी टेप घेतली. रेखा एकदा हळूच म्हणाली, "मला पण घर आहे गं, शालन." मी तिला म्हटलं, मला माहीत आहे, आणि पुढची ओळ भरायला घेतली. मी तिला कधी दोष दिला नाही, पण तिच्या डब्यातलं परत कधी खाल्लंही नाही. यादी पूर्ण झाली, स्टोअरच्या भिंतीवर लागली, आणि पुढच्या आठवड्यात साहेब पुण्याहून एक नवा सुपरवायझर घेऊन आले. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "शालन, काम तुझं उत्तम आहे. पण मुली लग्न करून जातात. खोली मी मुलीच्या हाती कशी देऊ?" मी म्हटलं, "सर, माझं लग्न तुमच्या टेपबरोबरच गेलं." त्यांना ते समजलं नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. राजीनामा तिथंच त्यांच्या पेनानं लिहिला.

इंदापूरला एका पतसंस्थेत नवीन मशीन आलं होतं, युनिक्सचं. क्लासच्या सरांनी माझं नाव सुचवलं. राहायला त्यांच्या ओळखीच्या एका विधवा बाईंकडं खोली. मी घरी आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती. "जा," म्हणाली. मामाच्या मुलाचं तिनं काढलं नाही, कारण मामानंच आता नको म्हणून निरोप धाडला होता: जी पोरगी सख्ख्या भावाला धरून देते ती नवऱ्याचं काय करील.

बारामतीच्या स्टँडवर माझी पत्र्याची पेटी घेऊन मी उभी होते. इंदापूरची गाडी लागली. कंडक्टरनं पेटी टपावर चढवायला लावली. आत बसल्यावर मला समोर आरशात आबा दिसले. त्या दिवशी त्यांची सुट्टी आहे असं मी समजत होते. ड्यूटी बदलून घेतली होती की बदलली गेली होती, ते मला कधी कळलं नाही. त्यांनीही मला आरशात बघितलं आणि गाडी काढली. कंडक्टर त्यांचा जुना जोडीदार, मला लहानपणापासून ओळखणारा. तिकीट काढत काढत तो माझ्यापाशी आला आणि पुढं सरकायला लागला. "मास्तर," आबा इंजिनाच्या आवाजावरून ओरडले, "तिचं तिकीट फाडा." तो ओशाळून माझ्याकडं बघत राहिला. मी पदराची गाठ सोडली.

भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी हळू व्हायची आणि आबा हॉर्न धरून ठेवायचे. निमगाव केतकीच्या पानमळ्यांपाशी बरीच माणसं उतरली आणि गाडीत मोकळं झालं. मी पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. आमच्या मधे लोखंडी जाळी होती. त्यांच्या मानेवर घामाचं मीठ दिसत होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर माफी मागितल्यासारखं झालं असतं, आणि मला माफी मागायची नव्हती. म्हातारपणी माणूस मऊ होतं म्हणतात. मी झाले नाही. मी खोटं बोलले असते तर त्या घरात माझं ताट सगळ्यांच्या पंगतीत राहिलं असतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं, आणि मला ते ताट नको होतं.

इंदापूरच्या स्टँडवर गाडी थांबली. कंडक्टर शिडीकडं निघाला तर आबांनी त्याला हातानं थांबवलं, स्वतः टपावर चढले, पेटी खांद्यावर घेऊन उतरले आणि माझ्या पायापाशी ठेवली. धापा टाकत होते. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग पलीकडच्या फलाटावर उभ्या असलेल्या गाडीकडं हात केला.

"ती आपल्या गावची गाडी, निरवांगीची. रोज सांजच्याला हितनंच सुटती," म्हणाले. "त्या गाडीत बसू नगंस."

आणि आपल्या गाडीत चढले. मी त्यानंतर इंदापुरात नोकरीची सगळी वर्षं काढली. आबा गेले तेव्हा निरोप आला नाही, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या फलाटावरून मी किती वेळा गेले असेन. त्या गाडीत मी बसलेली नाही.